चार विरुद्ध एक

जयसिंगपूर, ४ जून

सौ. क्रांती सरनोबत,
माननीय सदस्य, महिला क्रिकेट निवड समिती, यांस

माझ्या आईला साडी देऊन गेलीस. पिस्ता रंग, काठाला मोर. अव्वानं ती कपाटात ठेवली नाही. पुढच्या खोलीतल्या खुर्चीवर ठेवलीय, आणि घरात कुणी परकं माणूस येऊन बसल्यासारखी येता-जाता तिच्याकडं बघते.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण तू बोलायला लागलीस की पुढच्याला तोंड उघडायला जागा राहत नाही. पाच वर्षं कॉमेंटरी केल्याचा परिणाम. पत्रात तुला मधे घुसता येणार नाही, तेवढ्यासाठी हा कागद.

मी सोलापूरला मॅचला गेलेय हे तुला ठाऊक होतं. म्हणूनच तो दिवस धरलास. दाराशी गाडी लावलीस, माझ्या भावाला, श्रीशैलला, ‘दादा’ म्हणालीस, चहा घेतलास, आणि अव्वाला सांगितलंस की तुमच्या लेकीचा उजवा खांदा संपलाय. इंजेक्शनं घेऊन खेळते. असंच चाललं तर चाळिशीत तिला स्वतःची वेणी घालता येणार नाही. मग हळूच मुद्द्यावर आलीस. जुलैत पुण्यात मॅच आहे, ती तिला निरोपाची म्हणून देऊ. दोन्ही टीम रांगेत उभ्या राहतील, हार घालू, तुम्हाला स्टेजवर बसवू. तेवढं तिला समजवा.

हे सगळं श्रीशैलनं सांगितलं. अव्वा तेव्हापासून माझ्याशी बोलतच नाही.

“त्या तुझ्या मैत्रिणीनं सांगितलं ते खरं हाय व्हय?” श्रीशैलनं विचारलं.

“ती माझी मैत्रीण न्हाय.”

“मग खरंच असणार,” म्हणाला.

खांद्याचं मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तू बघितलंस. इंग्लंडच्या दौऱ्यात कॉमेंटरीचं कार्ड गळ्यात अडकवून माझ्या खोलीत दार न वाजवता शिरलीस, तेव्हा मी डाव्या हातानं ब्रेसियरचा हूक लावायची खटपट करत होते. तू पुढं आलीस, हूक लावलास आणि काही न बोलता निघून गेलीस. त्यासाठी मी तुला मानलं होतं. ते पैशासारखं परत मागता आलं असतं तर आज मागितलं असतं.

तू कुणाला निरोप द्यायला निघालीस ते विसरली असशील, तर सांगते. चौदाव्या वर्षी मी जयसिंगपूरहून एसटीनं कोल्हापूरला येत होते, कारण आमच्याकडं पोरींना खेळायला कुणी उभं करत नव्हतं. बावड्यात कारखान्याच्या अलीकडं जे मैदान होतं तिथं पोरांच्यात तू एकटी पोरगी, हातात तुझ्या भावाचे ग्लोव्ह्ज. पोरं मला बॅटिंग देत नव्हती. दिवसभर बॉल टाक म्हणायची. मी टाकला. ती दमून बसली की संध्याकाळी उरलेल्या उजेडात बॅट माझ्या हातात यायची. मी ऑलराउंडर झाले ती अशी, हट्टानं. आणि तू स्टंपला चिकटून उभी, हेल्मेट नाही, दात पडतील म्हणून तुझी आई ओरडतेय. रविवारी तुमच्या घरी मटणाचा रस्सा. मी लिंगायताची पोर, म्हणून तानाबाई मावशी माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात आख्खा मसूर शिजवायच्या, पळीसुद्धा वेगळी ठेवायच्या. मावशींबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांच्या पोटी तू कशी निपजलीस हे मात्र कळत नाही.

तेव्हा तू ‘मी जातो’, ‘मी खेळतो’ म्हणायचीस, आपल्याकडच्या सगळ्या बायका म्हणतात तसं. टीव्हीवर गेल्यावर ‘मी जाते’ झालीस. पत्र आहे म्हणून मीही नीट लिहितेय, पण मी त्याचे पैसे घेत नाही.

देशाकडून तू नऊ मॅच खेळलीस. वडोदऱ्यात माझ्याच बॉलवर तुझं बोट मोडलं. मोडलेलं बोट जुळायला सहा आठवडे लागतात. तुझं आठ वर्षांत जुळलं नाही. मी चौदा वर्षं खेळतेय. ऑस्ट्रेलियात त्यांच्याच माणसांसमोर पाच विकेटी काढल्या आणि त्याच दिवशी नाबाद ऐंशी केल्या. निरोपाची मॅच तूच घे. तुला मिळाली नव्हती ना.

साडी कुरियरनं परत येईल.

दानेश्वरी मगदूम
अजून तरी ऑलराउंडर

जयसिंगपूर, २५ जून

क्रांतीबाई,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं, खाली सही. सही चांगली करायला लागलीस.

तू लिहिलंयस की माझा बॉल आता पूर्वीच्या वेगानं येत नाही, आणि बाउंड्रीवरून मी थ्रो करू शकत नाही हे सगळ्या जगाच्या बॅटरना कळलंय. माझ्याकडं बॉल गेला की त्या डोळे मिटून दुसरा रन घेतात. ‘तुझ्या भल्यासाठी’ हे शब्द त्या एका पानात तीनदा आलेत. माझं भलं एवढं डोक्यात होतं तर माझ्यासमोर बसून बोलायचं होतंस. आई मऊ लागली, म्हणून तिच्याकडं गेलीस.

तुला आनंद होईल म्हणून सांगते. काल अव्वा बोलली. स्वयंपाकघरात उभी होती. म्हणाली, “त्यो फळीवरचा शेंगदाण्याचा डबा काढ.”

मी डावा हात वर केला.

“उजव्यानं काढ.”

मी उजवा हात वर नेला. खांद्यापर्यंत गेला. तिथून पुढं तो माझा नव्हता. मी टाचा उंचावल्या, कंबर वाकडी केली, काय काय केलं. अव्वा बघत राहिली. मग तिनं स्टूल ओढलं, स्वतः चढली, डबा काढला आणि खाली उतरून शेंगदाणे भाजायला लागली. माझ्याकडं न बघता म्हणाली, “ती बाई खोटं बोलत न्हवती म्हणायची.”

अभिनंदन. माझ्या घरात आता तुझा शब्द चालतो.

पण अव्वाला क्रिकेट कळत नाही आणि तुलाही फार कळत होतं असं नाही. शेंगदाण्याचा डबा काढायला मला टीममध्ये घेतलेलं नाही. परवा राज्याच्या मॅचमध्ये साठ केल्या, इंजेक्शन घेऊन सहा ओव्हर टाकल्या. वेग नसला तर नसू दे, डोकं आहे. वर्ल्ड कपची टीम जुलैअखेर निवडणार ना? मी आहे. पुण्याच्या मॅचला फुलं आणलीस तर ती तुझ्याच अंगावर टाकीन.

दानेश्वरी

जयसिंगपूर, ३० जुलै

क्रांती,

यादी बघितली. पंधरात माझं नाव सातवं.

काल संध्याकाळी बोर्डातल्या गणपतरावांचा फोन आला. त्यांना तू ओळखतेसच, प्रत्येक फोटोत कपाच्या शेजारी असतात. म्हणाले, “मॅडम, तुमच्यासाठी आम्ही सगळे भांडलो. चार विरुद्ध एक. ती एक कोण, ते तुम्हाला सांगायला नको.”

“सांगा की,” मी म्हटलं.

“तुमच्याच जिल्ह्यातली. तासभर आडवी पडली. ‘ही नको, ती आजऱ्याची प्रियदर्शनी घ्या,’ एवढंच धरून बसली. आम्ही म्हटलं, अहो, दानेश्वरी मॅडमशिवाय वर्ल्ड कप कसा?”

ऐकलंस? चार जणांना मी हवी होते. त्यातल्या एकाच्या तरी घरी मी मसूर खाल्ला होता का? माझ्या बॉलवर बोट मोडून घेतलं होतं का? परक्यांनी विश्वास ठेवला, आणि जिनं माझा प्रत्येक बॉल हातात घेतलाय तिनं हात वर केला तो माझ्याविरुद्ध. आणि कुणासाठी? त्या आजऱ्याच्या पोरीसाठी, जिला मी एकदा बघितलंय. वीस वर्षांची, बोलताना मान खाली, बॅट धरते कुऱ्हाडीसारखी. राखीव म्हणून कॅम्पला येणार आहे म्हणे. येऊ दे. माझ्या बाटल्या भरून देईल.

श्रीशैलनं पेढे वाटले. अव्वानं एक घेतला आणि देवापुढं ठेवला, तोंडात घातला नाही.

तुला पेढा पाठवत नाही. तुझ्या मताची तेवढी किंमत नाही.

दानेश्वरी

बंगळूर, १२ ऑगस्ट

क्रांती,

कॅम्पला आठवडा झाला. त्यातले तीन दिवस मी शूटिंगमध्ये होते. एकदा बिस्किटाची जाहिरात, एकदा बँकेची, एकदा नुसतंच झेंड्यासमोर उभं राहून लांब बघायचं. “मॅडम, जरा हात उंच करून बॉल टाकल्यासारखं करा,” म्हणाला तो फोटोवाला. मी केलं तेवढं केलं. “थोडा अजून वर,” म्हणाला. शेवटी म्हणाला, “राहू दे, कॉम्प्युटरवर वर करून घेतो.” आता देशभर माझा हात वर गेलेला दिसेल. बघून घे.

कॅप्टन पूर्णिमा नाशिकची आहे, तेवीस वर्षांची, नम्र. एवढी नम्र की कानाखाली वाजवावीशी वाटते. नेटमध्ये मला नवा बॉल देत नाही. परवा विचारलं, “मला ओव्हर किती?”

“बघू ना ताई. गरज लागली तर.”

“बॅटिंगला कितव्या नंबरला?”

“सातव्या.”

“सातव्याला कशाला? आजवर चौथी जातेय.”

ती पॅडची पट्टी सोडत-लावत राहिली. मग म्हणाली, “ताई, तुम्ही असलात की ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांना बरं वाटतं.”

“बरं वाटायला देव्हारा मांड,” मी म्हटलं. ती हसली. तिला वाटलं मी गंमत केली.

काल सराव सामना झाला, आमच्यातच दोन टीम करून. पूर्णिमानं मला बाउंड्रीवर पाठवलं आणि माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर त्या प्रियदर्शनीला उभं केलं. मला आधी कळलंच नाही कशासाठी. मग एक बॉल माझ्याकडं आला. मी अडवला, उचलला, आणि बघते तर प्रियदर्शनी धावत येऊन माझ्याशेजारी उभी.

“ताई, तुम्ही नुसता माझ्याकडं ढकला,” म्हणाली, “थ्रो मी मारतो.”

आजऱ्याची आहे, ‘मारतो’च म्हणाली. मी काय करणार होते, क्रांती? समोर बॅटर दुसरा रन पळत होत्या. मी खालून बॉल तिच्याकडं ढकलला, लहान पोराला देतात तसा, आणि तिनं तो कीपरच्या हातात घातला. जमिनीला न लागता. पूर्ण मॅचभर हे चाललं. तीनदा, चारदा. सगळ्यांना ठाऊक होतं. ठरवून केलेलं होतं. कुणी हसलं नाही, हेच जास्त वाईट.

संध्याकाळी मी तिला बोलावून झापलं. “मला विचारल्याशिवाय माझ्याजवळ यायचं न्हाय.”

“कॅप्टननं सांगितलंया,” म्हणाली. मान खालीच. मग म्हणाली, “ताई, मी तुमच्याकडं बघूनच बॉल टाकायला शिकलो. तुमचा आत येणारा कटर मला अजून येत न्हाय. शिकवशीला?”

मी म्हटलं, “चल जा, झोप.”

हे सगळं तुला कशासाठी लिहितेय, माहीत नाही. इथं बोलण्यासारखं कुणी नाही. सगळ्या माझ्या पाया पडतात.

दा.

बंगळूर, २० ऑगस्ट

क्रांती,

मी टीममधून नाव काढून घेतलं. सकाळी. तुला अजून कळलं नसेल तर दुपारपर्यंत कळेल.

काल रात्री गणपतराव इथं जेवायला आले होते. मोठं टेबल, चौघांपैकी दोन सिलेक्टर, जाहिरातवाले. जेवता जेवता मी विचारलं, “मला घेतलंत ते मी किती ओव्हर टाकीन असं धरून घेतलंत?” तिघांनी एकमेकांकडं बघितलं. त्यातला एक, मोठा खेळून गेलेला माणूस, म्हणाला, “ओव्हर? ते पूर्णिमा बघेल. तुमचं नाव असलं की तिकिटं जातात हो.” दुसरा म्हणाला, “एवढी वर्षं देशासाठी दिलीत, आम्ही एवढंही करायचं नाही का?” आणि माझ्या ताटात भात वाढला.

माझी शेवटची मॅच कुठली बघितली, ते मी विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. त्यांनी मला खेळताना वर्षभरात बघितलेलंच नाही. गरजच नव्हती. मी त्यांच्यासाठी फ्लेक्स आहे, चौकात लावायचा.

त्या चौघांचं मत माझ्या बाजूनं पडलं म्हणून आमच्या घरी पेढे वाटले. तुझं विरुद्ध पडलं ते तू माझे बॉल मोजून, माझा हात कुठवर जातो ते बघून दिलंस. त्या खोलीत मला बोलर समजणारी तू एकटीच होतीस, आणि बोलर म्हणून तू मला नापास केलंस. बाकीच्यांनी मला पासही केलं नाही, नापासही केलं नाही. हार घालून भिंतीला टांगलं.

मॅनेजरला सांगितलं, लिहा, पहिल्या पंधरात बसण्याएवढी मी आता चांगली नाही.

“असं कुणी लिहितं का मॅडम? दुखापत लिहू.”

“दुखापत तीन वर्षांपासून आहे. तेव्हा कुणी लिहिली नाही.”

“वैयक्तिक कारण लिहितो.”

लिहिलं त्यानं वैयक्तिक कारण. भित्री माणसं.

पूर्णिमा रडली. खोटं नव्हतं, पण रडताना पाठ मात्र हलकी झाल्यासारखी सरळ झाली तिची. पोर वाईट नाही. प्रियदर्शनीला राखीवमधून आत घेतलं. तिला दोन तास नेटमध्ये कटर शिकवला. बोटं जाड आहेत, पण ऐकते. बॅट कुऱ्हाडीसारखी धरते ते मात्र खरंच आहे, ते तुझ्या डोळ्यातून सुटलं.

हे पत्र म्हणजे माफी नाही. तू जे केलंस ते चोरासारखं केलंस. सांगायचं होतं तर मला सांगायचं. मी ऐकलं नसतं, शिव्या दिल्या असत्या, पण मला सांगायचं.

दानेश्वरी

जयसिंगपूर, २ सप्टेंबर

क्रांते,

टीव्हीवर बघितलंच असशील. तरी सांगते, टीव्हीवाले अर्धंच दाखवतात.

कोल्हापूरच्या विमानतळावर इथल्या पुढाऱ्यानं हलगी, लेझीम आणि फेटे घेऊन माणसं उभी केली होती. वर्ल्ड कपला शुभेच्छा द्यायचा कार्यक्रम त्यानं आधीच ठरवलेला, फ्लेक्स छापून झालेले. मी वर्ल्ड कपला जायच्या ऐवजी तिथून परत आले, तर त्याला कळेना आनंद करायचा की दुःख. हलगीवाल्यांनी माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, आणि वाजवायला सुरुवात केली. मला फेटा बांधला. मी काढून बाजूच्या पोलिसाच्या हातात दिला.

मग माइक पुढं आले. “ताई, तुम्हाला कुणी डावललं?” “राजकारण झालं का?” “कोल्हापूरच्या लेकीवर अन्याय झाला का?” त्यांची तोंडं बघायला हवी होतीस. अन्याय झाला नाही असं म्हटलं असतं तर रडली असती.

मी म्हटलं, “मला नको म्हणणारी त्या समितीत एकच बाई होती, क्रांती सरनोबत. तिचं बरोबर होतं. बाकीच्या चौघांना क्रिकेट कळत न्हाय.”

मग पुढारी म्हणाला, “ताई थकल्यात, प्रवास करून आल्यात,” आणि मला गाडीत घातलं.

घरी आले तर अव्वानं दार उघडलं, माझ्या पिशव्या घेतल्या आणि विचारलं, “त्यांनी काडलं का तू आलीस?”

“मी आलो.”

“मग जेव,” म्हणाली.

शस्त्रक्रियेची तारीख घेतलीय, ऑक्टोबरमधली. डॉक्टर म्हणतो, बॉल टाकता येणार नाही, बाकी सगळं करता येईल. बाकी सगळं म्हणजे काय असतं, मला विचारायचं होतं. विचारलं नाही.

दाने

जयसिंगपूर, १९ सप्टेंबर

क्रांते,

कोलंबोतली पहिली मॅच बघितली. प्रियदर्शनीला चार ओव्हरमध्ये धुतली. कटर टाकायला गेली तो बॉल डोक्यावरून कीपरच्याही मागं. बॅटिंगला पहिल्याच बॉलला गेली. टीम हरली.

आणि काल सकाळपासून तुझ्या नावानं जे चाललंय ते श्रीशैलनं मोबाईलवर दाखवलं. विमानतळावर मी तुझं नाव घेतलं नसतं तर त्यांना तू कोण ते कळलंही नसतं. त्याचं मला वाईट वाटत नाही. मत दिलंस ना, मग ते उजेडात सोसायचं. पण जी माणसं तुला शिव्या घालतायत त्यांनी जन्मात कधी सीझनचा बॉल हातात धरलेला नाही, हे त्यांच्या लिहिण्यावरूनच कळतं. एकानं लिहिलंय, ‘दानेश्वरी एका हातानंसुद्धा जिंकून देईल.’ मूर्खाला हे कौतुक वाटतं.

दुपारी चॅनेलवाले दाराशी आले. “ताई, आता तुम्हाला काय वाटतं? सरनोबत मॅडमनी राजीनामा द्यावा का?” अव्वा ओट्यावर धान्य निवडत बसली होती. मी तोंड उघडायच्या आत तीच उठली. “पावणं,” म्हणाली, “ती पोरगी माझ्या घरात येऊन खरं बोलून गेली. तुमी कोण?” आणि सूप आपटलं. कॅमेऱ्यावर कोंडा उडाला.

गणपतरावांचाही फोन आला. तुझ्याकडं राजीनामा मागितलाय आणि तू विचार करून सांगते म्हणालीस, असं म्हणाले. विचार कसला करतेस? एकदा एका बोटासाठी पळून गेलीस ते मी आठ वर्षं धरून बसले, मोठ्यानं बोलले, लोकांत बोलले. त्यातलं एक अक्षर मागं घेणार नाही. आता पळालीस तर मेल्यावर तुझ्या दाराशी येणार नाही.

पोरगीला पुढच्या मॅचला बाहेर बसवायची म्हणतायत. बसवू देऊ नकोस. पूर्णिमाला सांग, मॅनेजरला सांग, ज्याला सांगायचं त्याला सांग. माझ्या पहिल्या मॅचला मी दोन कॅच सोडले होते आणि शून्यावर रनआउट झाले होते. तेव्हाही समितीत कुणीतरी एक असणार, जो म्हणाला असेल, परत खेळवा. तो कोण होता, मी कधी विचारलं नाही. आज विचारावंसं वाटतंय.

उत्तर लिहायला बसू नकोस. आधी ते काम कर.

दाने

जयसिंगपूर, २४ सप्टेंबर

क्रांते,

राजीनामा दिला नाहीस आणि पोरगीला खेळवलंत. बरं केलंत. उपकार केल्यासारखं वागू नका.

हरलो. सेमीफायनल आता दुसऱ्या कुणी हरलं तर मिळणार, म्हणजे भीक. पूर्णिमाला फील्डिंग लावता येत नाही, पहिल्या तिघींना उसळता बॉल खेळता येत नाही, आणि कोच पूर्ण वेळ टोपी नीट करतो. रद्दी.

अव्वा आज पहिल्यांदा मॅच बघायला बसली. चौदा वर्षांत एकदाही बसली नव्हती. मी खेळत असले की म्हशीच्या गोठ्यात जाऊन उभी राहायची, श्रीशैल सांगतो. आज पदर खोचून टीव्हीसमोर बसली आणि प्रत्येक पोरगीचं, “ही कुणाची?” विचारत राहिली.

तिसावी ओव्हर. तू बघितलंसच, तरी मला लिहू दे. त्यांची ती लांब केसांची बॅटर, जी आम्हाला कायम झोडपते, तिनं मिडविकेटला मारला आणि दुसऱ्या रनला निघाली. आरामात, बॅट घासत, माझ्याकडं बॉल गेल्यावर निघायची तशी. तिला वाटलं त्या जागी अजून मीच आहे. प्रियदर्शनी बाउंड्रीवरून धावत आली, पळता पळता उचलला आणि फेकला. तो हात कानामागून वर गेला, पूर्ण वर, क्रांते, आणि बॉल सरळ रेषेत आला. स्टंपाजवळ पूर्णिमा उभी होती, तिला बॉलला हातसुद्धा लावावा लागला नाही. मधला स्टंप जमिनीतून निघाला.

माझा उजवा हात मांडीवर होता. तो आपोआप हलला. अव्वानं बघितलं, आणि त्यावर स्वतःचा हात ठेवला.

मग टीव्हीकडं बोट केलं. “ही कुणाची गं?”

“आजऱ्याची. क्रांतीनं निवडलेली.”

अव्वा पुढं सरकून बसली. टीव्हीवर तोच थ्रो परत परत दाखवत होते.

“क्रांतीला डोळं हायती,” म्हणाली.

मी म्हटलं, “तेवढंच हायती.”

दाने